लाईट आल्यावर मशीनने आपणहून काय सुरू करावं? लिनक्सच्या बूट सर्व्हिसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवगडच्या आंबा पॅकिंग शेडमधलं बिलिंग, मालवणच्या होमस्टेचा सीसीटीव्ही, दापोलीकडच्या शाळेची कॉम्प्युटर लॅब, गावच्या पतसंस्थेचा छोटा सर्व्हर. अशा जागी लिनक्सची मशीनं वर्षानुवर्षं चालतात आणि त्यांच्याजवळ लिनक्स जाणणारं माणूस क्वचितच बसलेलं असतं. किनाऱ्यावर पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतली कितीतरी गावं अनेक दिवस अंधारात होती. लाईट परत येते, मशीन चालू होतं (यालाच बूट म्हणतात), पण त्यावरचं काम, म्हणजे मागे चालणारे प्रोग्राम ऊर्फ सर्व्हिस, कुणी कीबोर्डला हात न लावता सुरू होतं का? मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून या पानावरची बहुतेक उत्तरं त्याच दिशेने जातात.

कमांड देवनागरीत दिल्या आहेत. त्या टाइप कशा करायच्या?

उच्चाराप्रमाणे वाचा आणि टर्मिनलवर इंग्रजी अक्षरांत, इंग्रजी आकड्यांत टाइप करा. सर्व्हिस बदलणाऱ्या कमांडच्या आधी ‘सुडो’ (मशीनच्या मालकाच्या अधिकाराने चालव) लागेल. प्रत्येक ठिकाणी तो लिहिलेला नाही. युनिट फाइलमधल्या (सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणाऱ्या फाइलमधल्या) ओळींत मात्र मोठी-लहान अक्षरं जशी ठरलेली आहेत तशीच लागतात.

रनलेव्हल म्हणजे काय?

मशीन उठताना सर्व्हिस सुरू करायच्या जुन्या सिस्टम व्ही इनिट पद्धतीत मशीनच्या अवस्थांना आकडे दिलेले होते. ० म्हणजे बंद, ६ म्हणजे रीस्टार्ट, १ म्हणजे एकट्या रूट (सर्वाधिकारी) युजरची दुरुस्ती अवस्था. हे तीन सगळीकडे सारखे. मधल्या आकड्यांचा अर्थ मात्र डिस्ट्रोनुसार (रेड हॅट, डेबियन अशा लिनक्सच्या वेगवेगळ्या प्रकारांनुसार) बदलतो. रेड हॅटच्या घराण्यात ३ म्हणजे नेटवर्कसह काळी स्क्रीन (नुसती अक्षरं, खिडक्या नाहीत), ५ म्हणजे ग्राफिकल लॉगिन, आणि २ म्हणजे एनएफएसशिवायचं (नेटवर्कवरून फाइली वाटायच्या सोयीशिवायचं) ३. डेबियनमध्ये २ ते ५ हे चारही मुळात सारखेच आणि मशीन २ वर उठायचं. स्लॅकवेअरमध्ये ग्राफिकल लॉगिन ४ वर असतं. त्यामुळे ‘रनलेव्हल ५ ला चालू कर’ असं फोनवर कुणी सांगितलं तर आधी डिस्ट्रो कोणती ते विचारा.

कोणत्या अवस्थेत कोणती सर्व्हिस उठेल, हे प्रत्येक रनलेव्हलच्या फोल्डरमधल्या लिंकांवरून ठरायचं. रेड हॅटवर /इटीसी/आरसी.डी/आरसी३.डी उघडलंत तर ‘एस१०नेटवर्क’, ‘एस८५एचटीटीपीडी’ अशी नावं दिसतील. एस म्हणजे सुरू करा, के म्हणजे बंद करा, आणि आकडा म्हणजे क्रम: नेटवर्क १० वर, वेबसर्व्हर ८५ वर. एकामागून एक, रांगेत.

मग नव्या मशीनवर रनलेव्हल उरलेच नाहीत का?

त्यांची जागा टार्गेटनी, म्हणजे आकड्यांऐवजी नावं असलेल्या अवस्थांनी, घेतली. ती सिस्टमडी या नव्या बूट यंत्रणेची पद्धत. सिस्टमडीवर काम २०१० मध्ये सुरू झालं, २०११ मध्ये फेडोरा १५ ने तो आधी स्वीकारला, २०१४ मध्ये रेड हॅट एंटरप्राइज ७ मध्ये आला आणि २०१५ मध्ये डेबियन ८ आणि उबुंटू १५.०४ मध्ये. म्हणजे आज दुकानातून आणलेल्या मशीनवर नेहमीची डिस्ट्रो टाकलीत तर तोच असणार.

ढोबळ जोड अशी लावा: ० ला पॉवरऑफ.टार्गेट, १ ला रेस्क्यू.टार्गेट, २-३-४ या तिन्हींना मल्टी-युजर.टार्गेट, ५ ला ग्राफिकल.टार्गेट, ६ ला रीबूट.टार्गेट. याखेरीज इमर्जन्सी.टार्गेट आहे, रेस्क्यूपेक्षाही उघडंबोडकं. त्याची गाठ पुढे पडणार आहे. एक फरक पक्का लक्षात ठेवा. रनलेव्हलमध्ये रांग होती, सिस्टमडी मात्र जे जे एकमेकांवर अवलंबून नाही ते सगळं एकदम सुरू करतो. क्रम हवा असेल तर तो सांगावा लागतो. बूटच्या वेळच्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच असतं.

माझ्या मशीनवर कोणती पद्धत आहे?

पहिली प्रोसेस कोणती ते बघा:

पीएस -पी १ -ओ कॉम=

‘सिस्टमडी’ आलं तर खालचं बहुतेक सगळं तुमच्यासाठी आहे. ‘इनिट’ आलं तर जुनी इनिट, डेव्हुआन किंवा अल्पाइनसारखी डिस्ट्रो असू शकते. त्यांच्यासाठी पुढे वेगळा प्रश्न आहे.

सर्व्हिस हाताने सुरू केली, चालतेय. आणखी काय करायचं?

सर्वांत महत्त्वाचं काम राहिलं. सुरू करणं आणि बूटला लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यंत्रणा एकीवरून दुसरीचा अंदाज बांधत नाही.

सिस्टमसीटीएल स्टार्ट मारियाडीबी

याने डेटाबेस आत्ता सुरू होतो, फक्त या बूटपुरता.

सिस्टमसीटीएल एनेबल मारियाडीबी

याने आत्ता काहीच सुरू होत नाही. पुढच्या बूटपासून होईल. दोन्ही एकदम हवं असेल तर ‘एनेबल --नाऊ’ लिहा. काढताना ‘डिसेबल --नाऊ’.

एप्रिल-मेच्या हंगामात असं घडतं. पॅकिंग शेडमध्ये बिलिंगचा डेटाबेस कुणीतरी स्टार्ट करून गेलेलं असतं. महिनाभर लाईट टिकते, सगळं सुरळीत. मग वळवाचा पहिला पाऊस येतो, लाईट जाते-येते, मशीन उठतं, आणि काउंटरवरच्या मुलाला बिलिंगच्या खिडकीत ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ दिसतं. बाहेर पेट्या भरलेला टेम्पो उभा. त्या मुलाचा काही दोष नसतो आणि डेटाबेस बिघडलेलाही नसतो. त्याला बूटला उठायला कुणी सांगितलेलंच नसतं.

एनेबल केल्यावर आत काय होतं तेही एकदा बघून ठेवा. युनिट फाइलच्या शेवटी ‘वॉन्टेडबाय=मल्टी-युजर.टार्गेट’ अशी ओळ असते. एनेबल ती वाचतो आणि /इटीसी/सिस्टमडी/सिस्टम/मल्टी-युजर.टार्गेट.वॉन्ट्स या फोल्डरमध्ये एक लिंक करतो. डिसेबल ती लिंक काढतो. बस. त्या फोल्डरवर ‘एलएस -एल’ मारलं की त्या टार्गेटला तुम्ही आणि तुमच्या पॅकेजांनी काय काय जोडलंय ते समोर येतं.

डिस्ट्रोच्या सवयीही वेगळ्या आहेत. डेबियन-उबुंटूवर सर्व्हिसचं पॅकेज टाकलं की ती सहसा लगेच सुरूही होते आणि एनेबलही. रेड हॅट, अल्मा, रॉकी यांवर बहुतेक वेळा दोन्ही तुम्हालाच करावं लागतं. एकीकडची सवय घेऊन दुसरीकडे गेलेल्या माणसाचा इथे हमखास घोळ होतो.

‘इज-एनेबल्ड’ विचारलं तर ‘स्टॅटिक’ असं उत्तर आलं. बिघाड आहे का?

नाही. स्टॅटिक म्हणजे त्या युनिटला बूटला जोडायची सोयच नाही; दुसरं कुणी बोलावलं की ती येते. ‘मास्क्ड’ म्हणजे कायमची बंद केलेली, ‘इनडायरेक्ट’ म्हणजे स्वतः नाही पण जोडीदार युनिटमार्फत लावली जाणारी.

सर्व्हिस बंद केली, तरी परत चालू होते. असं का?

प्रिंटरची कप्स सर्व्हिस हे नेहमीचं उदाहरण. तुम्ही ‘स्टॉप कप्स’ म्हणता आणि सिस्टमडी तिथेच बजावतो की कप्स.सॉकेट आणि कप्स.पाथ तिला अजून उठवू शकतात. म्हणजे सर्व्हिस झोपली तरी दारात राखण्या बसलेला आहे; कुणी छपाई मागितली की तो तिला उठवणार. खरंच बंद करायची तर तिघांनाही एकत्र थांबवा आणि डिसेबल करा.

दुसरं कारण म्हणजे तिची गरज असलेली दुसरी सर्व्हिस एनेबल असते. ती शोधायला:

सिस्टमसीटीएल लिस्ट-डिपेंडन्सीज --रिव्हर्स कप्स.सर्व्हिस

यानंतरही ती नकोच असेल तर ‘सिस्टमसीटीएल मास्क’. हा तिच्या नावाची लिंक थेट /डेव्ह/नल (लिनक्समधली रिकामी जागा) कडे लावतो, मग कुणीही बोलावलं तरी ती उठत नाही, हाताने सुद्धा नाही. मास्क केलेलं कुठेतरी लिहून ठेवा. वर्षभराने दुसरा माणूस तीच सर्व्हिस सुरू करायला धडपडत बसतो आणि त्याला कारण सापडत नाही.

जुन्या मशीनचा वेग वाढवायला काय काय काढू?

शाळेच्या लॅबमधून हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, कारण तिथे दोन-चार जीबी रॅमची दान आलेली मशीनं असतात. ब्लूटूथ नसेल तर ब्लूटूथ सर्व्हिस काढा. प्रिंटर नसेल तर कप्स आणि कप्स-ब्राउझ्ड. कुणी शिकताना टाकून ठेवलेले अपाची, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस वापरात नसतील तर तेही. सर्वांत जास्त रॅम तिथूनच सुटते. बाकी बारीकसारीक सर्व्हिस काढून फारसा फरक पडत नाही, त्यापेक्षा हलका डेस्कटॉप टाकलेला बरा.

मोडेममॅनेजरबद्दल मात्र सावध राहा. इंटरनेटवरच्या बऱ्याच याद्यांमध्ये ‘हा काढून टाका’ असं लिहिलेलं असतं, पण आपल्याकडे फायबर तुटल्यावर यूएसबी डोंगलवर काम चालतं आणि बरेच डोंगल त्याच्याच भरवशावर जोडले जातात. डोंगल वापरत असाल तर त्याला राहू द्या. डी-बस, लॉगिनडी, जर्नलडी, नेटवर्कमॅनेजर आणि घड्याळ जुळवणारी सर्व्हिस यांना हात लावू नका.

एका वेळी एकच सर्व्हिस काढा, रीबूट करा, दिवसभर वापरा. एकदम दहा काढल्या आणि आवाज गेला तर कारण शोधायला संध्याकाळ लागेल.

सर्व्हरला स्क्रीन नाही. ग्राफिकल डेस्कटॉप उठू नये असं कसं करायचं?

सिस्टमसीटीएल गेट-डीफॉल्ट

याने सध्याचं टार्गेट कळेल. मग:

सिस्टमसीटीएल सेट-डीफॉल्ट मल्टी-युजर.टार्गेट

पुढच्या बूटपासून काळी स्क्रीन. आत्ताच जायचं असेल तर ‘सिस्टमसीटीएल आयसोलेट मल्टी-युजर.टार्गेट’, पण आयसोलेट म्हणजे नव्या टार्गेटला जे लागत नाही ते सगळं बंद. उघड्या खिडक्यांतलं काम आधी सेव्ह करा. फक्त एका बूटपुरतं बदलायचं असेल तर ग्रबमध्ये (मशीन उठतानाच्या मेन्यूत) ‘ई’ दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी ‘सिस्टमडी.युनिट=मल्टी-युजर.टार्गेट’ जोडा; ते पुढच्या वेळी राहत नाही.

लाईट आली तरी मशीनच चालू होत नाही. यात सर्व्हिसचं काही आहे का?

नाही, हे बायोसमधलं (मशीनच्या मदरबोर्डच्या सेटिंगमधलं) काम. पॉवरच्या पानावर ‘रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस’ किंवा तशा नावाचा पर्याय असतो. त्यात तीन निवडी: बंद, शेवटची अवस्था, चालू. ‘चालू’ निवडा. ‘शेवटची अवस्था’ ऐकायला शहाणी वाटते, पण यूपीएसची बॅटरी संपत आली म्हणून मशीन नीट शटडाउन झालं असेल तर शेवटची अवस्था ‘बंद’ अशी नोंदली जाते आणि लाईट आल्यावरही मशीन गप्प बसतं.

यूपीएसशी बोलायला नट, म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स, हे पॅकेज चांगलं आहे. त्यात दोन गोष्टी अडतात. एक: डेबियन-उबुंटूवर /इटीसी/नट/नट.कॉन्फ मध्ये सुरुवातीला ‘मोड=नन’ असतं. ते ‘स्टँडअलोन’ केल्याशिवाय सर्व्हिस एनेबल दिसली तरी काहीच करत नाही. दुसरी जास्त गहन आहे. यूपीएसने इशारा दिला, मशीन शटडाउन व्हायला लागलं, आणि तेवढ्यात लाईट आली. आता यूपीएसमधून मशीनचा पुरवठा एकदाही तुटलेला नाही, त्यामुळे बायोसला ‘वीज गेली आणि आली’ हे कळतच नाही. मशीन बंदच राहतं. यासाठी नटमध्ये शटडाउनच्या अगदी शेवटी यूपीएसलाच आपला पुरवठा तोडून पुन्हा जोडायला सांगायची सोय आहे, ती पॉवरडाउनफ्लॅग या खूणफाइलवर चालते. तुमच्या यूपीएसला ती जमते का हे माणसं हजर असताना एकदा करून बघा.

लाईट आल्यावर स्क्रीनवर ‘इमर्जन्सी मोड’ आणि पासवर्डची मागणी. हार्डडिस्क गेली का?

बहुतेक वेळा नाही. वीज अचानक गेल्यावर ईएक्सटी४ फाइलसिस्टम आपल्या जर्नलवरून (बदलांच्या नोंदवहीवरून) सावरते, ते बूटमध्येच होतं. इमर्जन्सीचं सर्वसाधारण कारण अगदी साधं असतं: बॅकअपची बाहेरची यूएसबी डिस्क.

कोणती डिस्क कुठे जोडायची याच्या /इटीसी/एफएसटॅब या यादीत त्या डिस्कची ओळ असते. कुणीतरी डिस्क काढून नेलेली असते, किंवा खाऱ्या हवेने यूएसबीचा पोर्ट गंजलेला असतो, किंवा डिस्कचा वेगळा अडॅप्टर इन्व्हर्टरवर नसतो. एफएसटॅबमधली प्रत्येक ओळ अत्यावश्यक आहे असं सिस्टमडी धरून चालतो. तो डिस्कची ९० सेकंद वाट बघतो, ती येत नाही, आणि मग तो पूर्ण बूट थांबवून इमर्जन्सीमध्ये जातो. नेटवर्क नाही, एसएसएच (दुरून लॉगिन) नाही, डेटाबेस नाही. मुंबईहून सर्व्हर सांभाळणाऱ्याला तर तो मेल्यासारखाच. उबुंटूवर आणखी पंचाईत अशी की रूटला पासवर्डच नसतो, त्यामुळे इमर्जन्सीत आत जाणंही कधीकधी सरळ राहत नाही आणि पेनड्राइव्हवरून बूट करून फाइल दुरुस्त करावी लागू शकते.

उपाय एका ओळीचा आहे. त्या डिस्कच्या पर्यायांमध्ये हे लिहा:

डीफॉल्ट्स,नोफेल,एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१०एस

‘नोफेल’मुळे डिस्क नसली तरी बूट पुढे जातं आणि तिच्यासाठी अडून राहत नाही. मग ‘सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड’, म्हणजे सिस्टमडी बदललेल्या फाइली पुन्हा वाचतो.

इथे थांबू नका, कारण नोफेलने नवा धोका येतो. डिस्क नसताना /बॅकअप हे मूळ डिस्कवरचं रिकामं फोल्डर असतं. रात्रीची बॅकअप सर्व्हिस त्यातच लिहीत सुटते, मूळ डिस्क भरते, आणि काही दिवसांनी डेटाबेसच बसतो. म्हणून बॅकअपच्या सर्व्हिसच्या युनिट विभागात ही ओळ घाला:

रिक्वायर्समाउंट्सफॉर=/बॅकअप

आता डिस्क जोडलेली नसेल तर बूट नीट होईल आणि फक्त बॅकअप अपयशी ठरेल. आपल्याला हवं ते हेच. दोन्ही ओळी जोडीनेच घाला.

सर्व्हिस एनेबल आहे, हाताने चालते, पण बूटला पडते. काय बघू?

क्रम. लाईट येते तेव्हा मशीन आणि फायबरचा राउटर एकाच क्षणी चालू होतात. मशीन अर्ध्या मिनिटात तयार होतं, राउटरला लाइन मिळायला बराच वेळ लागतो. तोवर तुमच्या प्रोग्रामने एखादा ठरावीक आयपी पत्ता मागितला, तो नव्हता, आणि प्रोग्राम बाहेर पडला. दहा मिनिटांनी तुम्ही हाताने सुरू केलात तर बिनतक्रार चालतो, म्हणून हा दोष सापडायला कठीण.

सिस्टमसीटीएल एडिट तुमची-सर्व्हिस

याने मूळ फाइलला हात न लावता वेगळी छोटी फाइल तयार होते आणि पॅकेज अपडेट झालं तरी ती टिकते. तिच्यात युनिट विभागात:

वॉन्ट्स=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट
आफ्टर=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट

दोन्ही ओळी लागतात. ‘आफ्टर’ फक्त क्रम सांगतो, बोलावत नाही. ‘वॉन्ट्स’ बोलावतो, क्रम सांगत नाही. एकच लिहून ‘काही फरक पडला नाही’ म्हणणारे बरेच भेटतात.

नेटवर्क-ऑनलाइनवरही पूर्ण भिस्त ठेवू नका. वाट बघणारी सर्व्हिस ठरावीक वेळ थांबते आणि सोडून देते. आणि राउटरने आयपी दिला म्हणजे बाहेरचं इंटरनेट आलं असं नाही. त्यामुळे सर्व्हिस विभागात हेही:

रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर
रीस्टार्टसेक=३०

तीस सेकंदांचं अंतर मुद्दाम आहे. नुसता रीस्टार्ट लिहिलात तर सर्व्हिस भराभर पडत-उठत राहते आणि सिस्टमडी मुळातच १० सेकंदांत ५ प्रयत्नांनंतर हात टेकतो. मग राउटर आला तरी ती उठत नाही.

डेटाबेसची वेगळी अडचण. वीज गेल्यानंतर पहिल्या बूटला मारियाडीबी आपली अर्धवट राहिलेली कामं सावरतो. डेटा मोठा आणि डिस्क जुनी असेल तर त्यात वेळ जातो. सुरू व्हायची मर्यादा मुळात ९० सेकंद असते. काही पॅकेजं ती वाढवून देतात. मर्यादा कमी पडली तर सिस्टमडी सावरणं अर्ध्यावर असतानाच डेटाबेसला मारतो. तुमची मर्यादा बघा:

सिस्टमसीटीएल शो मारियाडीबी -पी टाइमआउटस्टार्टयूसेक

कमी असेल तर वरच्याच पद्धतीने ‘टाइमआउटस्टार्टसेक=१५मिन’ घाला.

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर लाईट गेल्यानंतरच्या बिलांवर जुनी तारीख येते.

पाय ४ आणि त्याआधीच्या पायवर बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. पाय ५ वर आहे, पण त्याची बॅटरी वेगळी जोडावी लागते. ती नसेल तर शेवटची नोंदलेली वेळ घेऊन तो उठतो आणि इंटरनेट मिळाल्यावर दुरुस्त करतो. मधल्या काळात निघालेली बिलं चुकीच्या वेळेची.

सिस्टमडी-टाइम-वेट-सिंक ही सर्व्हिस एनेबल करून बिलिंगला ‘आफ्टर=टाइम-सिंक.टार्गेट’ लावता येतं, मग घड्याळ जुळेपर्यंत बिलिंग थांबतं. पण पावसात इंटरनेट दिवसभर आलं नाही तर बिलिंगही दिवसभर येणार नाही. दुकानासाठी डीएस३२३१ चं छोटं घड्याळ मॉड्यूल लावणं हाच बरा मार्ग.

बूटला फार वेळ लागतो. कोण अडवतंय?

‘सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ ब्लेम’ सर्वांत वेळखाऊ युनिटं वर दाखवतो, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. ती एकाच वेळी चालत असल्याने वरच्या नावाने बूट अडवलेलंच असेल असं नाही. ‘सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ क्रिटिकल-चेन’ खरी साखळी दाखवतो. बहुधा नेटवर्कची वाट बघणारी सर्व्हिस किंवा न सापडणारी डिस्क निघते.

जुन्या सेंटओएस ६ वर हेच कसं करायचं?

चेककॉन्फिगने.

चेककॉन्फिग --लिस्ट एचटीटीपीडी

असं विचारलं की ० ते ६ पर्यंतच्या प्रत्येक रनलेव्हलला ‘ऑन’ की ‘ऑफ’ ते एका ओळीत दिसतं. लावायला:

चेककॉन्फिग --लेव्हल ३५ एचटीटीपीडी ऑन

३५ हा आकडा पस्तीस असा वाचू नका. रनलेव्हल ३ आणि ५. मशीन कोणत्या रनलेव्हलवर उठतं हे /इटीसी/इनिटटॅब मधल्या ‘आयडी:३:इनिटडीफॉल्ट:’ या ओळीवर ठरतं. तिथे चुकूनही ० किंवा ६ लिहू नका. मशीन उठताक्षणी बंद होईल किंवा रीबूटच्या फेऱ्यात अडकेल. स्वतःची स्क्रिप्ट जोडायची असेल तर तिच्या डोक्यावर ‘# चेककॉन्फिग: ३४५ ८५ १५’ अशी ओळ लागते: रनलेव्हल, सुरू होण्याचा क्रम, बंद होण्याचा क्रम.

जुन्या डेबियनवर ‘अपडेट-आरसी.डी नाव डिफॉल्ट्स’ आणि ‘अपडेट-आरसी.डी नाव डिसेबल’. तिथल्या लिंका हाताने पुसून टाकू नका. एकही लिंक उरली नाही तर पुढच्या अपडेटला पॅकेज त्या पुन्हा तयार करतं आणि बंद केलेली सर्व्हिस परत उठते. अल्पाइनवर ‘आरसी-अपडेट अ‍ॅड एसएसएचडी डिफॉल्ट’.

सेंटओएस ६ चा आधार ३० नोव्हेंबर २०२० ला संपला आणि ७ चा ३० जून २०२४ ला. असं मशीन पतसंस्थेच्या व्यवहारांना लावलेलं असेल तर बूटच्या सर्व्हिस सुधारण्यापेक्षा ते बदलायच्या खर्चाचा विषय पुढच्या सभेत मांडा.

माझी स्वतःची स्क्रिप्ट बूटला लावायची आहे.

आरसी.लोकल मध्ये ओळ टाकायची जुनी सवय सोडा. ती पडली तर कळत नाही आणि परत उठत नाही. /इटीसी/सिस्टमडी/सिस्टम/काटा.सर्व्हिस अशी फाइल करा. समजा वजनकाट्याचे आकडे वाचणारी स्क्रिप्ट आहे:

[युनिट]
डिस्क्रिप्शन=वजनकाटा वाचन
आफ्टर=मारियाडीबी.सर्व्हिस
वॉन्ट्स=मारियाडीबी.सर्व्हिस

[सर्व्हिस]
एक्झेकस्टार्ट=/यूएसआर/लोकल/बिन/काटा.पीवाय
युजर=काटा
रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर
रीस्टार्टसेक=१५

[इन्स्टॉल]
वॉन्टेडबाय=मल्टी-युजर.टार्गेट

मग डीमन-रीलोड आणि ‘एनेबल --नाऊ काटा’. एक्झेकस्टार्टमध्ये पूर्ण पत्ता द्या. ‘काटा’ हा युजर आधी तयार करा आणि त्याला सिरियल पोर्ट वाचायची परवानगी द्या. डेबियन-उबुंटूवर त्यासाठी तो ‘डायलआउट’ गटात हवा. वॉन्टेडबाय इथे मुद्दाम मल्टी-युजर आहे: ग्राफिकल टार्गेट मल्टी-युजरला सोबत घेऊनच उठतं, त्यामुळे स्क्रीन असो-नसो, काटा चालतो. उलट ग्राफिकलला जोडलात आणि उद्या स्क्रीन काढलीत तर काटा बंद.

मी मुंबईला असतो, मशीन गावाला. रीबूट करायच्या आधी काय बघू?

एसएसएच बूटला लावलेला आहे का, हे सर्वांत आधी. रेड हॅटवर नाव एसएसएचडी, डेबियन-उबुंटूवर एसएसएच. उबुंटू २२.१० पासून एसएसएच सॉकेटवर चालतो, त्यामुळे सर्व्हिस ‘डिसेबल्ड’ दिसली तरी एसएसएच.सॉकेट एनेबल असेल तर काळजी नाही. एफएसटॅब बदललं असेल तर ‘फाइंडमाउंट --व्हेरिफाय’ चालवा. आणि दुरून कधीही रेस्क्यू.टार्गेटला आयसोलेट करू नका. नेटवर्क जातं, आणि मग गावच्या घरी फोन करून कुणाला तरी मशीनपाशी पाठवावं लागतं.

पावसाळ्यापूर्वी काय तपासून ठेवावं?

आगोटीची बाकीची कामं चालतात त्याच दिवसांत एक दुपार यासाठी काढा. आधी ‘सिस्टमसीटीएल लिस्ट-युनिट-फाइल्स --स्टेट=एनेबल्ड’ची यादी कागदावर उतरवून मशीनच्या शेजारी लावा. मग खरी परीक्षा: नुसतं रीबूट पुरत नाही, कारण त्यात राउटर, स्विच आणि बाहेरची डिस्क चालूच राहतात. मशीन नीट शटडाउन करा, मग भिंतीवरच्या मुख्य बटणाने सगळं एकदम बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि एकदम चालू करा. कीबोर्डला हात लावू नका. पंधरा मिनिटांनी काउंटरवरून एक बिल काढा, मोबाइलवर सीसीटीव्ही उघडा. त्यानंतरच लॉगिन करून ‘सिस्टमसीटीएल --फेल्ड’ बघा. बॅकअपची डिस्क काढून हेच पुन्हा करा.

लाईट जाण्याआधी काय झालं होतं ते लॉगमध्ये सापडत नाही.

‘जर्नलसीटीएल -बी -१’ आधीच्या बूटचा लॉग दाखवतो, पण तो डिस्कवर ठेवलेला असेल तरच. काही डिस्ट्रोंवर जर्नल (सिस्टमडीचा हा लॉग) फक्त रॅममध्ये असतो आणि विजेबरोबर जातो. /व्हार/लॉग/जर्नल हे फोल्डर तयार करून जर्नलडी रीस्टार्ट केलंत की तो डिस्कवर जाऊ लागतो. डेबियन ११ पासून ही सोय आपोआप आहे. तरीही शेवटची काही मिनिटं हरवू शकतात, कारण साध्या नोंदी दर ५ मिनिटांनी डिस्कवर पक्क्या केल्या जातात; फक्त अतिगंभीर नोंदी लगेच. जर्नलडी.कॉन्फ मध्ये ‘सिंकइंटरव्हलसेक=३०एस’ केलंत तर हरवणारा काळ कमी होतो. मेमरी कार्डवर चालणाऱ्या पायवर मात्र इतकं वारंवार लिहिणं कार्डाला मानवत नाही, तिथे ५ मिनिटंच राहू द्या.